मुलाखतीचे प्रश्न आधीच वाटून टाका

कॉलेजांत प्लेसमेंटचा, म्हणजे कंपन्यांनी येऊन मुलं निवडायचा, हंगाम आला की कंपन्यांची एचआर (मनुष्यबळ विभागाची) मंडळी एक तक्रार हमखास करतात. हल्लीची मुलं उत्तरं पाठ करून येतात, सगळ्यांची उत्तरं तीच, चालही तीच, स्वतःचं म्हणून कोणी काही बोलत नाही. तक्रार खरी आहे, पण अर्धीच. प्रश्नही तेच असतात आणि वर्षानुवर्षं तेच असतात, हा उरलेला अर्धा भाग कोणी बोलून दाखवत नाही. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ', तुमची जमेची बाजू कोणती, उणीव कोणती, पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता, आम्ही तुम्हालाच का घ्यावं. लातूरला हेच, जळगावला हेच, हिंजवडीच्या काचेच्या इमारतीतही हेच. जो पेपर वर्षानुवर्षं फुटलेलाच आहे, त्याची उत्तरं पाठ केली म्हणून परीक्षार्थीला कॉपीबहाद्दर ठरवायचं आणि पेपर काढणाऱ्याला काहीच विचारायचं नाही, हा न्याय मला पटत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. पेपर फुटलेला आहेच, तर तो अधिकृतपणे वाटून टाका. काय विचारणार आहोत ते कंपनीनं प्रत्येक उमेदवाराला चार दिवस आधी लेखी कळवावं, सगळ्यांना तेच विचारावं, आणि गुण कशाला देणार हेही आधी ठरवावं. ऐकायला हे भोळसट वाटेल. पण आज जे चालू आहे ते किती पोकळ आहे, ते आधी पाहू.

एचआर राउंडमधलं पाठांतर ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी मासला देतो. "गुड मॉर्निंग सर. मायसेल्फ अमुक अमुक. माय फादर इज अ फार्मर अँड माय मदर इज अ हाउसवाइफ. माय स्ट्रेंथ इज हार्ड वर्क अँड पॉझिटिव्ह ॲटिट्यूड." इथे एक श्वास. "माय वीकनेस इज आय ट्रस्ट पीपल टू इझिली." या उणिवेच्या प्रश्नाची तर क्लासमध्ये रीतसर शिकवणी होते. उलटा करून पाहिला की गुण दिसेल, असाच दोष सांगायचा. मी फार बारकाईनं काम करतो, मला कुणाला नाही म्हणता येत नाही, काम पूर्ण झाल्याशिवाय झोप लागत नाही. हे सगळं खोटं आहे हे सांगणाऱ्याला ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. "कोड लिहायला मला आवडतं, पण टेस्टिंगचा कंटाळा येतो," असं एखाद्यानं प्रांजळपणे सांगितलं, तर त्याच्या नावापुढे फुली. म्हणजे या प्रश्नातून प्रांजळपणा तपासला जातच नाही, अभिनय तपासला जातो. आणि वर पुन्हा मुलं अभिनय करतात म्हणून आपण कपाळाला हात लावायचा.

पाच वर्षांच्या प्रश्नाबद्दल न बोललेलंच बरं, पण राहवत नाही. ज्या आयटी कंपन्यांनी २०२२ साली ऑफर लेटर हातात ठेवलं आणि नंतर कित्येक मुलांना वर्ष-वर्ष, काहींना त्याहूनही जास्त काळ, रुजूच करून घेतलं नाही, त्यांना पुढच्या सहा महिन्यांचं सांगता येत नव्हतं. एकवीस वर्षांच्या पोरानं मात्र पाच वर्षांचं सांगायचं. तेही साडेतीन लाखांच्या आसपासच्या पॅकेजवर आणि ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या बाँडवर सही करून. खरं उत्तर द्यायचं तर, "बाँड संपला की जिथे जास्त पैसे मिळतील तिथे." ते देऊन बघा.

एका इंजिनिअरिंग कॉलेजात मॉक इंटरव्ह्यू घ्यायला मी अधूनमधून जातो. तिथला एक मुलगा डोळ्यांपुढून जात नाही. संगमनेरकडचा, शेवटच्या वर्षाला. आपली कॅसेट त्यानं न अडखळता वाजवली. "एखादी समस्या सोडवल्याचा प्रसंग सांग," म्हटल्यावर कॉलेजच्या टेक-फेस्टचं काहीतरी सांगितलं. त्यात समस्या नव्हती आणि तोही नव्हता. संपल्यावर सहज विचारलं, घरी काय करतोस? तर म्हणाला, दूध संकलन केंद्र आहे, सकाळचं मीच बघतो. मग हळूहळू एकेक बाहेर आलं. केंद्रावर दूध आलं की मशीनवर फॅट, म्हणजे स्निग्धांश, आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ, काढायचं. गाईच्या दुधाला साडेतीन फॅट, साडेआठ एसएनएफ धरून दर ठरतो, त्याच्या खाली गेलं की पैसे कापले जातात. उशिरा येणाऱ्या काही शेतकऱ्यांचं फॅट सारखं कमी लागायला लागलं आणि भांडणं सुरू झाली. दुधात पाणी घालता म्हणून वडील त्यांनाच बोलत होते. यानं काय केलं, तर एकाच किटलीतलं दूध सुरुवातीला तपासलं आणि पन्नासेक नमुने झाल्यावर पुन्हा तपासलं. दोन्ही आकडे वेगळे. मशीनच्या नळीत दुधाचा थर धरत होता आणि जसजशी रांग पुढे सरकेल तसं रीडिंग घसरत होतं. त्यानं ठरावीक नमुन्यांनंतर मशीन धुवायची शिस्त लावली, ती वहीत नोंदवायला सुरुवात केली आणि ज्यांचे पैसे कापले होते त्यांना पुढच्या बिलात फरक द्यायला वडिलांना राजी केलं. हा शेवटचा भाग सगळ्यात अवघड गेला, म्हणाला.

मी विचारलं, हे का नाही सांगितलंस? "सर, ते घरचं काम आहे. इंटरव्ह्यूत ते कुठं चालतं."

मोजमापातली चूक हुडकून काढणं, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणं, नोंद ठेवणं, चिडलेल्या माणसांशी बोलणं, वडिलधाऱ्यांना चूक कबूल करायला लावणं. क्वालिटी विभागातला कुठलाही शहाणा माणूस एवढ्यावर त्याला उचलून नेईल. पण 'एखादी समस्या' म्हणजे काय आणि ती कुठली चालते, हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. हाच प्रश्न चार दिवस आधी त्याच्या हातात पडला असता आणि खाली "शिक्षण, घर, शेती, गाव, कुठलाही प्रसंग चालेल, उत्तर मराठीतही देता येईल" एवढी ओळ असती, तर त्याला हे सुचलं असतं. कोथरूडच्या बंगल्यातल्या मुलाला ही ओळ लागत नाही. त्याची आई बँकेत ऑफिसर असते, मामा कंपनीत मॅनेजर असतो. जेवणाच्या टेबलावर त्याची तयारी झालेली असते. तिला आपण तयारी म्हणतच नाही, 'पर्सनॅलिटी' म्हणतो. पाठांतराचा शिक्का बसतो तो ज्याला ती तयारी क्लासच्या झेरॉक्सवरून करावी लागली त्याच्यावर.

आणि काही प्रश्न तर असे की ज्यांची तयारी कुणाला करताच येत नाही. सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी खासगी कंपन्यांच्या एचआर व्यवस्थापकांशी बोलून एक अभ्यास केला होता. तो २००७ साली मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. आम्ही जात बघत नाही, फक्त गुणवत्ता बघतो, असं हे व्यवस्थापक सांगत होते. आणि त्याच बोलण्यात, उमेदवाराची 'फॅमिली बॅकग्राउंड' विचारणं फार गरजेचं असतं, असंही सांगत होते. वडील काय करतात, भावंडं काय शिकली, घर कुठे. या प्रश्नाचं 'बरोबर' उत्तर जन्मानंच मिळतं. त्याच अंकात सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचाही अभ्यास होता. वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांचा. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना बोलावणी कमी आली. म्हणजे कोणी मुलाखतीच्या खोलीत पोचायच्या आधीच चाळणी लागते आणि खोलीत 'बॅकग्राउंड'ची दुसरी. मुलींना तिसरीही असते, लग्नाचं काय ठरलंय? नवरा परवानगी देईल का? भरती करताना स्त्री म्हणून भेदभाव करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून मनाई आहे. तरी हा प्रश्न हसतहसत, 'सहज' म्हणून विचारला जातो. प्रश्न लेखी द्यायची सक्ती झाली, तर हा कागदावर लिहायची हिंमत किती जणांना होईल?

"पण माणूस समोर बसल्यावर कळतो हो," असं अनुभवी मंडळी सांगतात. पाच मिनिटांत ओळखतो म्हणणारेही मी पाहिलेत. या आत्मविश्वासाची तपासणी अमेरिकेत झाली आहे. जेसन डेना, रॉबिन डॉज आणि नथॅनियल पीटरसन यांनी २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी दुसऱ्या विद्यार्थ्यांची मुलाखत घ्यायची आणि त्यांना पुढे किती गुण पडतील याचा अंदाज बांधायचा. काही मुलाखतींत उत्तर देणाऱ्याला गुपचूप सांगितलेलं होतं, की खरं उत्तर द्यायचंच नाही. प्रश्नातल्या शेवटच्या शब्दांची आद्याक्षरं बघायची आणि ठरलेल्या नियमानं 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. म्हणजे जवळजवळ छापा-काटाच. मुलाखत घेणाऱ्यांना याचा पत्ताही लागला नाही. समोरच्याची चांगली ओळख झाली, असं त्यांनाही खऱ्या मुलाखतींइतकंच वाटलं. आणि आधीच्या गुणपत्रिकेवरून जो अंदाज बांधता आला असता, तो मुलाखतीनंतर आणखी बिघडला.

ह्यूस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयाची गोष्ट त्याहून बोलकी. १९७९ साली तिथे मुलाखती घेऊन दीडशे विद्यार्थी निवडून झाले होते. तेवढ्यात टेक्सासच्या विधिमंडळानं पन्नास जागा वाढवायला लावल्या. चांगले उमेदवार दुसरीकडे गेले होते, म्हणून मुलाखतीत तळाला राहिलेल्यांतून पन्नास घ्यावे लागले. पुढे अभ्यासक्रमात आणि डॉक्टर म्हणून प्रशिक्षणात दोन्ही गटांची तुलना झाली. फरक सापडला नाही. मुलाखतीनं त्यांच्यात जी दरी दाखवली होती, ती मुलाखतीच्या खोलीपुरतीच होती.

आपल्याकडे या दुखण्यावर सर्वोच्च न्यायालयानं फार पूर्वी बोट ठेवलं आहे. श्रीनगरच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजात लेखी परीक्षेला १०० आणि तोंडीला ५० गुण होते. उमेदवारामागे दोन-तीन मिनिटं आणि त्यातही प्रश्न वडिलांबद्दल, राहण्याच्या ठिकाणाबद्दल. अजय हसिया खटल्यात नोव्हेंबर १९८० मध्ये न्या. भगवतींनी निकाल दिला, की प्रवेशासाठी तोंडी परीक्षेला १५ टक्क्यांपेक्षा जास्त गुण ठेवणं मनमानी ठरेल. मुलाखती टेप करून ठेवाव्यात, अशीही सूचना केली. टेपरेकॉर्डरच्या जमान्यातली ही सूचना. आज प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आहे, तरी मुलाखतीच्या खोलीत तो नेला तर गुन्हेगारासारखं बघतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मुलाखतीला २०२५ पैकी २७५ गुण आहेत, म्हणजे पंधरा टक्क्यांच्या आतच. तिथेही सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत महिनोन् महिने मॉक चालतात, पण निदान मुलाखतीचं वजन किती हे जाहीर असतं. खासगी नोकरीत हे कळायला मार्गच नाही.

सरकारनं तर कनिष्ठ पदांची मुलाखतच काढून टाकली. पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०१५ ला लाल किल्ल्यावरून सूतोवाच केलं आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्रातल्या गट 'ब' अराजपत्रित आणि त्याखालच्या पदांसाठी मुलाखत बंद झाली. महाराष्ट्रानंही हा मार्ग लवकर धरला. योग्यच झालं, कारण तिथली मुलाखत म्हणजे चिठ्ठीला आणि वशिल्याला ठेवलेलं दार होतं. शिक्षणसंस्थांच्या मुलाखतींबद्दल काय बोलावं? अनेक ठिकाणी खरा प्रश्न एकच असतो आणि त्याचं उत्तर आकड्यात द्यायचं असतं. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर मुलाखतीशिवाय आणि मुलाखतीसह असे दोन मार्ग ठेवले आहेत. उमेदवार कुठल्या मार्गाकडे आशेनं बघतात, हे कुठल्याही डीएड झालेल्याला विचारा.

तरीही मुलाखत सरसकट मोडीत काढा, असं मी म्हणणार नाही. लेखी परीक्षेत पहिला आलेला माणूस दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाशी कसा बोलेल, हे उत्तरपत्रिकेवरून कळत नाही. शिवाय मुलाखत शिस्तीत घेतली तर ती कामाची ठरते, हेही संशोधनातूनच दिसलं आहे. सगळ्यांना तेच प्रश्न, प्रश्न कामाशी जोडलेले, गुणांची मोजपट्टी आधी ठरलेली, अशी मुलाखत. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडीच्या वेगवेगळ्या पद्धतींची फेरतपासणी केली, तेव्हा माणूस पुढे काम कसं करेल याचा अंदाज देण्यात अशी बांधीव मुलाखत सगळ्यात वर आली. मनाला येईल ते विचारणारी गप्पांची मुलाखत बरीच खाली राहिली. दोष मुलाखतीत नाही, ती ढिसाळपणे घेण्यात आहे. "मी माणूस बघून ठरवतो" हे आपण कौतुकानं ऐकतो. ते ऐकल्यावर खरं तर कान टवकारायला हवेत.

प्रश्न आधी देण्याची कल्पना माझ्या डोक्यातून आलेली नाही. ब्रिटनमधल्या जॉन लुईस या मोठ्या दुकानसाखळीनं २०२४ मध्ये आपले मुलाखतीचे प्रश्न संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुले केले. घाबरलेला माणूस आणि अयोग्य माणूस यांतला फरक कळायचा तर घाबरण्याचं कारण काढून टाकावं, हा साधा विचार त्यामागे होता.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. प्रश्न आधी दिले की सगळे चॅटजीपीटीकडून लिहून आणतील. आणतील ना. आज काय करतात? ऑनलाइन मुलाखतीत पडद्याच्या कोपऱ्यात उत्तर उमटत असतं आणि मुलाची नजर डावीकडून उजवीकडे सरकत असते. लिहून आणलेलं उत्तर उघडं पाडायला फार हुशारी लागत नाही, खोदून विचारावं लागतं. "मशीन धुतल्यावर आकडा किती बदलला?" "पैसे परत द्यायला वडील का तयार नव्हते?" "दुसरं काय करून पाहिलंस, जे जमलं नाही?" ज्यानं केलंय तो इथे बोलता होतो, थांबवावं लागतं. ज्यानं लिहून आणलंय तो तिसऱ्या प्रश्नाला पहिलंच वाक्य पुन्हा म्हणतो. पण खोदून विचारायचं तर समोरच्याचं ऐकावं लागतं, आणि एका दिवसात साठ पोरं उरकायची असतील तर ते होत नाही. घोळ खरा इथे आहे. वर्षानुवर्षांचे तेच ते प्रश्न विचारणाऱ्याच्या सोयीचे असतात. त्याला रेझ्युमे वाचून यावं लागत नाही, डोकं चालवावं लागत नाही, सही करून पुढच्याला आत बोलावता येतं. पाठांतर टेबलाच्या दोन्ही बाजूंना आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हजरजबाबीपणा कसा कळणार? कॉल सेंटर, विक्री, हॉस्पिटलचा रिसेप्शन काउंटर, अशा कामांत अचानक काय येईल सांगता येत नाही. मान्य. मग त्या कामांसाठी तोच प्रसंग उभा करा. चिडलेला ग्राहक म्हणून समोर बसा आणि बघा. पण ज्याला आठ तास सर्व्हर सांभाळायचा आहे किंवा लेथवर काम करायचं आहे, त्याच्याकडून आयत्या वेळी खटकेबाज इंग्रजी वाक्यं कशाला हवीत? लेथवाल्याला मशीनपाशी न्या, ड्रॉइंग हातात द्या. पंधरा मिनिटांत जे कळेल ते एचआर राउंडच्या तीन फेऱ्यांत कळणार नाही.

उमेदवारांनी तोवर काय करायचं? तयारी करायचीच, आणि त्याची लाजही बाळगायची नाही. फक्त वाक्यं पाठ करण्याऐवजी प्रसंग गोळा करावेत. आपण स्वतः केलेलं काय, त्यात अडलं कुठे, कोण आडवं आलं, आकडा काय होता, नंतर काय झालं. असे चार-पाच प्रसंग तपशिलासकट आठवून ठेवले, तर बहुतेक प्रश्न त्यांतल्याच कुठल्यातरी प्रसंगापाशी येऊन थांबतात. गावच्या पाणीपट्टीची वसुली, बहिणीच्या लग्नाचा हिशेब, मेसमधलं भांडण मिटवणं, सगळं चालतं. त्याला 'लीडरशिप' हे लेबल लावायची घाई नको. मोडक्या इंग्रजीत सांगितलेला खरा प्रसंग गुळगुळीत कॅसेटपेक्षा चांगला लागतो, निदान समोर ऐकणारा माणूस असेल तर.

पण सगळा बोजा पुन्हा पोरांवरच टाकणं मला मंजूर नाही. यात कॉलेजांच्या प्लेसमेंट सेलला करता येण्याजोगं बरंच आहे आणि ते काही करत नाहीत. कंपनीला कॅम्पसवर बोलावताना टीपीओ, म्हणजे कॉलेजचे प्लेसमेंट अधिकारी, अटी घालतातच. एका विद्यार्थ्याला एकच ऑफर, अमुक पॅकेजच्या वर 'ड्रीम', म्हणजे हातात एक ऑफर असली तरी ती घ्यायची मुभा, पहिल्या दिवशी कोण आणि तिसऱ्या दिवशी कोण. कंपन्या त्या निमूट पाळतात. त्याच पत्रात आणखी तीन ओळी घाला. एचआर राउंडचे प्रश्न चार दिवस आधी पाठवा, ते सूचना फलकावर लावले जातील. घरची पार्श्वभूमी, लग्न, आडनाव यांवर प्रश्न नको. उत्तर मराठीतून द्यायची मुभा हवी, कामाला इंग्रजी लागत असेल तर त्याची चाचणी वेगळी घ्या. मोठ्या कंपन्या आधी नाक मुरडतील. पण चाकण, वाळूज, सातपूरच्या मधल्या आकाराच्या कारखान्यांना कामाची पोरं मिळत नाहीत म्हणून ते कॉलेजांच्या दारात येतच असतात. सुरुवात त्यांच्यापासून करता येईल, याच हंगामात.